पान संपेपर्यंत वर-खाली

त्या अकरा मजली इमारतीत सव्वीस वर्षं लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला लहानथोर सगळे लिफ्टकाका म्हणत. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच पडून होतं. काकांनाही त्याचं काही वाटत नसे, कारण तेही कुणाला नावाने हाक मारत नसत. त्यांच्या लेखी माणसं मजल्यांवरून ओळखायची असत. दहाव्यावरच्या आजी, चौथ्यावरचे जुळे, दुसऱ्यावरचे सेक्रेटरी. आठव्या मजल्यावरच्या मुलीला ते ‘आठवी’ म्हणत. ती होती पाचवीत. "आमची आठवी यंदा पाचवीत गेली बरं का," असं ते लिफ्टभर लोकांना सांगत आणि ती गाल फुगवून जाळीकडे तोंड करून उभी राही.

लिफ्ट जुन्या धाटणीची होती. बटणं नव्हती, एक पितळी मूठ होती. मूठ उजवीकडे ढकलली की वर, डावीकडे ढकलली की खाली, आणि सोडली की ब्रेक लागून जागेवर. आत सरकती लोखंडी जाळी, बाहेर प्रत्येक मजल्यावर लाकडी दार. कोपऱ्यात काकांचं स्टूल, त्याच्या वर भिंतीला हातभर लांबीची फळी, फळीवर पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर. समोरच्या भिंतीवर पाटी होती, ‘आठ माणसे’. ती पाटी काका रोज सकाळी फडक्याने पुसत.

काका वाचायला शिकले तिसाव्या वर्षी. लेक पहिलीत गेली, तेव्हा तिच्या शेजारी बसून तेही अक्षरं गिरवायला लागले. वाचणं जमलं, लिहिणं मात्र हाताला कधी वळलं नाही. सही सोडली तर पेन धरायची त्यांना धास्तीच वाटे. वाचतानाही ते बोट ठेवून, ओठ हलवून, मोठ्याने वाचत. मनातल्या मनात वाचतात कसं, हे त्यांना शेवटपर्यंत कोडंच राहिलं.

ती लेक आता पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत शिकवत होती. इमारतीतली बरीचशी मुलं तिच्याच शाळेत जात. शाळेच्या वाचनखोलीचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. एका संध्याकाळी ती पुस्तकांचं खोकं घेऊन घरी आली आणि ते तिने जमिनीवर जवळजवळ आदळलंच.

"बाबा, मी हात टेकले. वाचनाचा तास म्हटला की अर्ध्या वर्गाला तहान लागते आणि अर्ध्याला शू लागते. बक्षिसं लावली, तक्ते केले, चांदण्या चिकटवल्या. एकाने सारांश लिहायचा आणि बाकीच्यांनी उतरवून काढायचा. चांदण्या सगळ्यांना, पुस्तक कुणीच उघडलेलं नाही."

"मग ही घरी कशाला आणलीस?"

"झटकायला. धूळ बसलीय नुसती."

काकांनी खोक्यातलं वरचं पुस्तक उचललं. दुपारी दोन ते चार लिफ्टला फारसं काम नसे, तेवढाच विरंगुळा.

पुस्तक एका बेटावरच्या दीपगृहाचं होतं. दिवा लावणारा म्हातारा एके दिवशी नाहीसा होतो, बोट येते, खोल्या धुंडाळल्या जातात, कुणी सापडत नाही. आणि तरी संध्याकाळी दिवा लागतो. काका इथवर आले होते तेव्हा आठवी शाळेतून आली. पाठीवर दप्तर, हातात आईचा जुना फोन, नजर त्या फोनमध्ये. काकांनी डाव्या हाताने मूठ ढकलली, उजव्या हाताचं बोट ओळीवर तसंच राहिलं आणि सवयीने तोंड सुरू राहिलं. पाचव्या मजल्यापाशी फोन खाली आला. आठव्याला लिफ्ट थांबली.

"मग दिवा कोणी लावला?" आठवीने विचारलं.

"मला काय माहीत? मी अजून तिथं पोचलो नाही."

"वाचा ना पुढं."

"तुझा मजला आला."

ती उतरली नाही. "खाली चला. मग परत वर या."

काका हसले आणि त्यांनी मूठ डावीकडे ढकलली. पान संपेपर्यंत ती दोघं तीनदा वर-खाली झाली.

पुढे झालं ते इतक्या लवकर झालं, की काकांना नंतर दिवस मोजूनही हिशेब लागेना. दुसऱ्या दिवशी आठवीने चौथ्यावरचे जुळे आणले, जुळ्यांनी सहाव्यावरची थोरली. काकांनी ठरवून काहीच केलं नव्हतं. ते नुसते वाचत होते, जोडाक्षरापाशी अडखळत होते, चुकीचं वाचून पुन्हा मागे येत होते. आणि मुलांना नेमकं तेच आवडलं. एवढा मोठा माणूस ‘दीपस्तंभ’ शब्दावर तीनदा घसरतो म्हटल्यावर आपण घसरलो तर कोण हसणार? एकदा जुळ्यांतल्या धाकट्याने, जो वर्गात वाचायची वेळ आली की पोटात दुखतं म्हणून घरी पळायचा, त्याने पुस्तक काकांच्या हातातून ओढून घेतलं. "द्या इकडे, तुम्ही फार वेळ लावता." आणि त्याने पाऊण पान वाचून काढलं.

तेव्हापासून लिफ्टमध्ये भाडं सुरू झालं. ज्याला वर-खाली फिरायचं त्याने एक पान वाचायचं. पुस्तक घरी हवं असेल तर लेकीच्या वाचनखोलीतून आणायचं. महिन्याभरात लेकीचं खोकं रिकामं झालं. आठवीची आई मुद्दाम खाली आली. "काका, काय जादू केलीत हो? परवा ही जेवताना पुस्तक धरून बसली होती. मला रागावताही येईना."

काकांची छाती चार बोटं वर आली. आयुष्यात इतकं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात लिफ्ट पहिल्यांदा घसरली.

आत सात मुलं होती. सहाव्या मजल्यावर काकांनी मूठ सोडली, ब्रेक लागला, आणि लिफ्ट फरशीच्या बोटभर खाली जाऊन थांबली. मुलांना कळलंही नाही. काकांना मात्र तळपायातून कळलं. सव्वीस वर्षांत त्यांनी फरशीला फरशी अशी लावली होती की आजीबाईंच्या काठीचं रबरसुद्धा अडखळू नये.

त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी मान हलवत म्हणाले, "जुनी झालीय. नव्या लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये आहेच."

पंधरा दिवसांत एका बोटाची दोन बोटं झाली. आणि आणखी एक चमत्कारिक गोष्ट काकांच्या लक्षात आली. लिफ्ट भरलेली असली की खाली घसरते, पण ते एकटे असले की मजल्याच्या थोडी वर जाऊन थांबते. जणू ती कुठेच राहायला तयार नव्हती.

त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा मेकॅनिक आला. तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत अर्धा तास होता. खाली आला तो हात पुसत, कुणाकडे न बघता.

"ब्रेकचं अस्तर संपलंय काका. बदलायचा भाग बाहेरून मागवावा लागेल. मी कागदावर लिहून ऑफिसात दिलंय."

"पण मी एकटा असताना ही वर का जाते?"

"दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळ्यांचं वजन असतं ना. डबा हलका झाला की ते वजन खाली येतं आणि डब्याला वर ओढतं. ब्रेक धड असेल तोवर काही होत नाही." त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि दारातून मागे वळून म्हणाला, "तुम्हीसुद्धा यात जास्त बसत जाऊ नका."

ते वाक्य काकांच्या डोक्यातून जाईना. जेवताना आठवे, चष्मा पुसताना आठवे. बाहेर तर मुलं दाराशी रांग लावून उभी असत, हातात पुस्तकं घेऊन. जी पोरं पुस्तक दाखवलं की पळत सुटायची, ती पोरं आज आपल्यामागे लागलीत, आणि आपण त्यांना कुठे बोलावतोय? तरीही त्यांनी ते लगेच थांबवलं नाही, हे त्यांनी पुढे कुणापासून लपवलं नाही. आधी त्यांनी सहा मुलांची मर्यादा घातली. मग चारची. "एवढा भाग येऊ दे, मग बघू," असं स्वतःला समजावत राहिले. खरं म्हणजे, ते थांबवायचा त्यांना धीर होत नव्हता.

मग एका सकाळी दहाव्यावरच्या आजी बाहेर पडताना ठेचकाळल्या. मुलगा बरोबर होता म्हणून वाचल्या. काकांनी वाकून पाहिलं. चार बोटं.

त्याच मिनिटाला त्यांनी खालचं विजेचं मुख्य बटण पाडलं, लिफ्टला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दुपारी मुलं आली तेव्हा ते तळमजल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते.

"आजपासून वाचन जिन्यावर. लिफ्टमध्ये एकानेही पाऊल टाकायचं नाही."

"पण मजा लिफ्टमध्ये येते!" जुळे ओरडले.

"मग मजा नको."

काका इतक्या कठोर आवाजात कधी बोलले नव्हते. मुलं पायऱ्यांवर बसली.

सेक्रेटरी मात्र ऐकून घेणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना ऑफिसात बोलावलं. "तुम्हाला कुणी सांगितलं लिफ्ट बंद करायला? आजींना एक दिवसाआड दवाखान्यात जावं लागतं. दहा मजले उचलून न्यायचं का त्यांना? भाग आठ दिवसांत येतोय."

"साहेब, ती राहत नाही एका जागी."

"सव्वीस वर्षं चालवताय ना? मग आठ दिवस सांभाळून चालवा. फक्त आजारी आणि म्हातारी माणसं. बाकी कुणी नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. आजींचा चेहरा काकांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी किल्ली खिशातून काढली.

पाच दिवस सुरळीत गेले. काका एका वेळी दोन माणसं नेत, दर फेरीनंतर बटण पाडत, जाळी ओढत, दाराला कुलूप लावत. मुलं जिन्यावर बसून वाचत. दीपगृहाची गोष्ट शेवटाला आली होती.

सहाव्या दिवशी दुपारी आजी दवाखान्यात निघाल्या. लिफ्ट तळमजल्याला लागली, मुलगा पुढे टॅक्सी थांबवायला धावला, आणि पोर्चच्या पायरीवर आजींचा पाय मुरगळला. काकांनी त्यांचं कळवळणं ऐकलं आणि ते होते तसे धावले. मुख्य बटण पाडलं, तेवढं हाताने सवयीने केलं. जाळी उघडी राहिली. दार उघडं राहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पुस्तक फळीवर होतं.

आठवी शाळेतून आली ती धापा टाकत. पुढच्या पानावर काय आहे ते जुळ्यांच्या आधी आपण बघायचं, असं तिने वर्गात बसल्याबसल्या ठरवलं होतं. जिन्यावर पुस्तक नव्हतं. लिफ्टचं दार उघडं होतं. आत पाऊल टाकायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लिफ्ट तर बंद होती, दिवासुद्धा लागलेला नव्हता. ती आत गेली, स्टुलावर चढली, पुस्तक काढलं.

आणि तिच्या पायाखालचं स्टूल हललं.

काका आजींना टॅक्सीत बसवून वळले तेव्हा त्यांना उघड्या दारात लिफ्टची जमीन कमरेच्या उंचीवर दिसली. त्या जमिनीवर दोन शाळेचे बूट. ते धावले, पण पोचेपर्यंत बूट डोक्यावर गेले होते आणि खाली नुसता काळोखा खड्डा उरला होता. "काका!" एवढीच हाक आली. मग वरून लोखंडाचा आवाज येत राहिला, आधी सावकाश, मग भरभर, आणि शेवटी एवढा मोठा दणका झाला की अकराही मजल्यांवरची दारं उघडली.

अकरा मजले काका कसे चढले ते त्यांना आठवत नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, छातीत भाता चाललेला. शेवटच्या मजल्यावर त्यांनी किल्लीने बाहेरचं दार उघडलं. लिफ्टचा डबा मजल्याच्याही वर जाऊन अडकला होता. त्याची जमीन काकांच्या छातीशी होती. जाळी उघडी, आत आठवी गुडघ्यांवर बसलेली, पांढरीफटक. आणि डब्याच्या खाली, मजल्याची फरशी आणि डब्याचा तळ यांच्यामधल्या फटीतून, सरळ खालपर्यंत अकरा मजल्यांची पोकळी. एक धडधाकट मूल सहज जाईल एवढी ती फट होती.

काकांना बघताच ती पुढे सरकली. "मी उडी मारते. मला धरा."

"नाही!" काका ओरडले. मग आवाज खाली आणला. "नाही बाळा. पाय आत घे. मागे, भिंतीला टेक. अगदी मागे."

"ती हलतीय."

"हलू दे. तू हलू नकोस."

तिची नजर पुन्हा पुन्हा त्या मोकळ्या फटीकडे जात होती. काकांना समजलं, की ही अजून दोन मिनिटंच धीर धरेल, मग उडी मारेल. आणि आपले हात पोचतील की नाही कुणास ठाऊक. मागे कुणीतरी मेकॅनिकला फोन लावत होतं. पाऊण तास लागेल, असं ऐकू आलं.

"पुस्तक सापडलं का?" काकांनी विचारलं.

तिने मान डोलावली. पुस्तक तिच्या छातीशीच होतं.

"मग वाच. मला ऐकायचंय. आज तुझी पाळी."

"मला नाही वाचायचं. मला खाली यायचंय."

"मेकॅनिक येतोय. तोवर वाच. एक ओळ वाच. मग दुसरी नको वाचूस."

तिने एक ओळ वाचली. शब्द अर्धे गिळलेले होते. मग दुसरी वाचली. काकांनी दोन्ही हात पसरून फटीसमोर धरले आणि तसेच उभे राहिले. मध्येच वरून दोर कुरकुरे, डबा किंचित थरथरे, ती थांबे. "पुढे?" काका म्हणत. ती पुढे वाची. आई मागे उभी राहून तोंडात पदर कोंबून रडत होती, काका तिला हाताने गप्प राहा म्हणून खुणावत होते. गोष्टीत काय चाललं होतं ते काकांना एक अक्षर कळलं नाही. त्यांचे कान दोराकडे होते.

मेकॅनिक आला, गच्चीवर गेला, दोन माणसांना हाताशी घेऊन मशीनचं चाक हाताने फिरवू लागला. डबा वीत वीत खाली आला. फट बंद झाली. काकांनी आठवीला उचलून बाहेर घेतलं तेव्हा ती लाकडासारखी ताठ झाली होती. तिने पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"मला नको हे," ती म्हणाली. "कधीच नको."

आई तिला कवटाळून उभी होती. "तुमच्या या पुस्तकापायी माझी पोर गेली असती," ती काकांना म्हणाली. महिन्याभरापूर्वी जादू म्हणणारी तीच बाई. काका म्हणाले, "बरोबर आहे."

चौकशी झाली. लिफ्टमनने मुलांना गोळा केलं, दार उघडं टाकलं, असं सेक्रेटरींनी लिहून आणलं होतं. काकांनी दोन्ही कबूल केलं. तुम्ही तक्रार केली होती का, असं विचारल्यावर ते म्हणाले, दोनदा, तोंडी. कागद एकही नव्हता. मग मेकॅनिकने ऑफिसच्या फायलीतून स्वतःचा कागद काढून टेबलावर ठेवला. दोनच ओळी होत्या. लिफ्ट ताबडतोब बंद करा, माणसं नेऊ नका. खाली तारीख.

"मी वाचला नव्हता," सेक्रेटरी म्हणाले.

नवी लिफ्ट आली ती बटणांची. तिला माणूस लागत नव्हता. काका घरी बसले. जुळे आणि बाकीची मुलं लेकीच्या वाचनखोलीत जात राहिली, त्यांचं वाचणं काही सुटलं नाही. लेकीने हट्ट धरला, तेव्हा काकाही शनिवारी तिथे जाऊन बसू लागले. खोली तळमजल्यावर होती. पहिल्या दिवशी मुलांना आत घेण्याआधी त्यांनी खिडक्यांचे गज हलवून पाहिले, कपाट भिंतीला पक्कं आहे का ते पाहिलं, मग बसले.

आठवी त्याच शाळेत होती. ती वाचनखोलीसमोरून जाताना पलीकडच्या भिंतीला चिकटून जाई. आठ मजले ती जिन्यानेच चढते, असं जुळ्यांनी सांगितलं. वाचनाच्या तासाला ती पुस्तक उघडून पहिल्याच पानाकडे बघत बसते, असं लेकीने सांगितलं. "बाबा, तुम्ही बोला ना तिच्याशी."

"काय बोलू? पुस्तकात ये म्हणू? एकदा म्हटलं ना."

त्यांनी तिला कधी बोलावलं नाही. वर्ष असंच गेलं.

एका शनिवारी काका धाकट्या मुलांना वाचून दाखवत असताना ती दाराशी आली. वाढली होती, केस कापले होते. आत आली नाही, बाहेरही गेली नाही. उंबऱ्यावर, एक पाय व्हरांड्यात ठेवून बसली. काकांनी मान वर केली नाही. एक शब्द दोनदा वाचला गेला. वारा सुटला होता. वर्गातला एक मुलगा दार लावायला उठला.

"राहू दे," काका म्हणाले. "उघडंच राहू दे."